पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं तर : पंचनाम्यापासून साक्षीपर्यंत

शेजारच्या दुकानात चोरी झालेली असते, नाक्यावर अपघात झालेला असतो किंवा समोरच्या इमारतीत एखाद्या घराची झडती घ्यायची असते. पोलीस शिपाई तुमच्यापाशी येतो आणि म्हणतो, "साहेब, पंच म्हणून जरा चला. दहा मिनिटांचं काम आहे." अशा वेळी काही जण निमित्त काढून सटकतात. काही जण जातात आणि पुढ्यात येईल त्या कागदावर सही करून मोकळे होतात. पळणाऱ्यापेक्षा हा दुसरा माणूस खटल्याचं जास्त नुकसान करतो. तीन-चार वर्षांनी समन्स येतं, पिंजऱ्यात उभं राहावं लागतं, आणि आपण नेमकं काय पाहिलं होतं हे त्याला सांगता येत नाही, कारण त्याने काही पाहिलेलंच नसतं.

पंच होण्याची वेळ पहिल्यांदाच आलेल्या माणसासाठी हा लेख आहे. कायदा लागेल तेवढाच सांगतो आणि जास्त जागा प्रत्यक्ष काय करायचं याला देतो.

पंचनामा म्हणजे काय आणि त्याचं वजन किती

अधिकारी एखादी जागा पाहतो, झडती घेतो, वस्तू जप्त करतो किंवा मृतदेहाची पाहणी करतो. त्या वेळी हजर असलेल्या दोन त्रयस्थ माणसांच्या, म्हणजेच पंचांच्या, डोळ्यांदेखत काय घडलं, याची जागेवरच केलेली लेखी नोंद म्हणजे पंचनामा. आपल्याकडे हा शब्द रोजच्या वापरातला असला तरी त्याची व्याख्या कायद्यात दिलेली नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १०३ प्रमाणे झडतीआधी त्या भागातल्या दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावं लागतं. त्या भागातलं कुणी मिळत नसेल किंवा यायला तयार नसेल, तर दुसऱ्या भागातली माणसं बोलावता येतात. झडती त्यांच्या समक्ष व्हावी लागते. सापडलेल्या वस्तूंची, आणि कोणती वस्तू कुठे सापडली याची यादी करून तिच्यावर त्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. जुन्या संहितेत हेच कलम १०० होतं, त्यामुळे जुने वकील आणि हवालदार अजून तोच आकडा बोलतात.

माणसं कशासाठी हवीत? १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्याच्या अपिलांचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली याचं उत्तर स्पष्ट दिलं. झडती घेणाऱ्यांनी लबाडी करू नये, आणि जी वस्तू सापडली असं सांगितलं जातं ती खरोखर तिथेच होती, कुणी आणून ठेवलेली नव्हती, याची खात्री व्हावी, हा पंचनाम्यामागचा मुख्य हेतू आहे. पंचाचं सगळं काम या हेतूतून येतं. तुम्हाला पोलिसांनी बोलावलेलं असलं तरी तुम्ही पोलिसांच्या बाजूचे नसता आणि आरोपीच्याही बाजूचे नसता. न्यायाधीश त्या खोलीत हजर राहू शकत नाहीत, म्हणून तिथे तुमचे डोळे लागतात.

पुराव्याच्या दृष्टीने सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. अनेकांना वाटतं की पंचनाम्याचा कागद झाला म्हणजे पुरावा झाला. प्रत्यक्षात कागद एकटा उभा राहत नाही. मूळ पुरावा असतो तो पंचाने कोर्टात शपथेवर सांगितलेली हकिगत. पंचनामा त्या हकिगतीला पुष्टी देतो आणि साक्ष देताना आठवण ताजी करायला उपयोगी पडतो. पंच उलटला तरी तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर कोर्ट तिच्यावर जप्ती मान्य करू शकतं, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. पण तोही पुरावा माणसाच्या तोंडून आलेलाच असतो.

कोणता पंचनामा आहे, हे आधी विचारा

पंचनाम्याचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकात तुमच्याकडून अपेक्षा वेगळी असते. घटनास्थळ पंचनाम्यात जागेचं वर्णन असतं, तिच्या चतुःसीमा असतात, रक्ताचे डाग, तुटलेलं कुलूप, टायरच्या खुणा असं जे दिसेल ते असतं. अपघाताच्या भरपाईच्या दाव्यात हाच कागद मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे जातो, म्हणून गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला होती हे त्यात नीट येणं जखमीच्या घरच्यांसाठी फार मोलाचं असतं. झडती-जप्ती पंचनाम्यात वस्तू महत्त्वाच्या. अकस्मात किंवा संशयास्पद मृत्यूत इन्क्वेस्ट पंचनामा होतो. त्यात शेजारपाजारच्या दोन प्रतिष्ठित माणसांसमोर मृतदेहावरच्या जखमा आणि मृत्यूचं दिसणारं कारण लिहिलं जातं. मृतदेह पाहणं सहन होणार नसेल तर तसं तिथेच सांगा. डोळे मिटून सही करण्यापेक्षा ते केव्हाही बरं. याशिवाय अंगझडतीचा पंचनामा असतो, ओळख परेडचा असतो आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्याचाही असतो.

अवकाळी पावसानंतर तलाठी आणि कृषी सहायक शेतात येऊन करतात तो पीकनुकसानीचा पंचनामा महसुली कामाचा, मदतीसाठीचा असतो. त्यात तुम्ही शेजारचे शेतकरी म्हणून सही करत असाल तर कोर्टाची पायरी सहसा चढावी लागत नाही. पण न पाहिलेल्या बांधावर सही करायची नाही, हा नियम तिथेही तसाच लागू आहे.

पहिली पायरी : जायचं की नाही

जाणं हे नागरिक म्हणून तुमचं कर्तव्य आहे, आणि एका मर्यादेपुढे कायद्याचं बंधनही आहे. झडतीला हजर राहण्याचा लेखी आदेश तुम्हाला दिला गेला आणि वाजवी कारण नसताना तुम्ही नकार दिलात, तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २२२ खाली तो गुन्हा ठरतो. आजारपण, घरात लहान मूल एकटं असणं यांसारखं खरं कारण असेल तर ते शांतपणे सांगा.

काही गोष्टी तुम्ही स्वतःहून, सुरुवातीलाच सांगायला हव्यात. फिर्यादी तुमचा नातेवाईक किंवा भागीदार आहे का? आरोपीशी तुमचं जुनं भांडण किंवा दिवाणी दावा चालू आहे का? तुमच्यावर एखादा गुन्हा दाखल आहे का? याआधी तुम्ही त्याच पोलीस ठाण्याच्या पंचनाम्यांवर सह्या केल्या आहेत का? यातल्या कशानेही तुम्ही आपोआप अपात्र ठरत नाही. पण उलटतपासात हे सगळं बाहेर येतं आणि तुमच्या साक्षीची धार बोथट होते. ठाण्याजवळच्या टपरीवरचा तोच तोच माणूस प्रत्येक गुन्ह्यात पंच असला की बचावाचे वकील त्याला सराईत पंच ठरवतात. मला त्यांचा मुद्दा रास्त वाटतो.

दुसरी पायरी : जागेवर

पोहोचताच घड्याळ पाहा. पंचनामा किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता संपला हे त्यात लिहावं लागतं, आणि ती वेळ तुमच्या आठवणीतही हवी. कोण कोण अधिकारी आहेत, दुसरा पंच कोण, घरातलं कोण हजर आहे, हे पाहून ठेवा. घरातल्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा हक्क आहे. झडती सुरू होण्याआधी पोलिसांनी आपली आणि पंचांची अंगझडती घरमालकाला देऊ केली, तर नाराज होऊ नका. कुणी खिशातून काही आणून ठेवलं, हा आरोप त्याने आधीच निकाली निघतो. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, तिची अब्रू सांभाळून घ्यायची असते. तिथे तुम्ही पुरुष पंच असाल तर बाहेर थांबा, आणि बाहेर होता असंच पुढे सांगा.

आता नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं, यादी करण्याचं आणि पंचांच्या सह्यांचंसुद्धा ध्वनिचित्रमुद्रण करावं लागतं, शक्यतो मोबाइलवर. ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. म्हणजे तुम्ही कुठे उभे होता, कपाट उघडलं तेव्हा पाहत होता की फोनवर बोलत होता, हे सगळं त्यात दिसणार. आपला फोन खिशात ठेवा आणि झडती घेणाऱ्याचा हात जिथे जातोय तिथे नजर ठेवा.

वस्तू सापडते तो क्षण नीट पाहा. कोणत्या खोलीत, कपाटाच्या कोणत्या खणात, कशात गुंडाळलेली, कोणी बाहेर काढली? चाकू असेल तर मूठ लाकडी की प्लॅस्टिकची, पातं साधारण किती लांब, त्यावर डाग होते का? रोकड असेल तर ती तुमच्यासमोर मोजली गेली का? मोबाइल असेल तर त्याचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक, लिहून घेतला का? शंका असेल तर विचारा. पंचाने प्रश्न विचारायला कायद्याने कुठेही बंदी केलेली नाही, आणि चांगला तपास अधिकारी अशा पंचावर खूश असतो.

निवेदन पंचनामा : इथे कान उघडे ठेवा

आरोपीने दिलेल्या माहितीवरून वस्तू शोधतात त्या वेळचा हा पंचनामा. हा प्रकार सगळ्यात नाजूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालत नाही. याला एक अपवाद आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट सापडली, तर त्या माहितीतला फक्त त्या शोधाशी थेट जोडलेला भाग सिद्ध करता येतो. जुन्या पुरावा कायद्याचं हे प्रसिद्ध कलम २७ आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात, म्हणजे त्या कलमाला जोडलेल्या अपवादात, आलं आहे. समजा आरोपी म्हणाला, "मी कोयत्याने त्याला मारलं आणि कोयता विहिरीमागच्या कडब्याच्या गंजीत लपवलाय, चला दाखवतो." यातलं "मारलं" हे कोर्टात चालणार नाही, "गंजीत लपवलाय, दाखवतो" हे चालेल. ब्रिटिश काळात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोटय्या खटल्यात घालून दिलेली ही रेघ आजही तशीच पाळली जाते.

सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने क्रमही सांगितला आहे. दोन स्वतंत्र पंचांना आधी पोलीस ठाण्यात बोलवावं. आरोपीने त्यांच्यासमोर स्वेच्छेने निवेदन करावं आणि त्याचे शब्द शक्य तितके जसेच्या तसे पंचनाम्याच्या पहिल्या भागात लिहावेत. मग सगळ्यांनी आरोपी नेईल तिथे जावं, वस्तू काढावी आणि तो दुसरा भाग व्हावा. त्यामुळे तुम्हाला थेट गंजीपाशी बोलावलं असेल आणि पहिल्या भागावर सही मागितली जात असेल, तर ती करू नका. तुम्ही ते शब्द ऐकलेलेच नाहीत. ठाण्यात हजर असाल तर आरोपी कोणत्या भाषेत बोलला, काय शब्द वापरले, हे मनात पक्कं करा. वाटेत गाडी कुणाच्या सांगण्यावरून वळली, उतरल्यावर पुढे कोण चाललं, वस्तू उघड्यावर पडलेली होती की झाकलेली, जागा येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसण्यासारखी होती का, यावरही पुढे प्रश्न येतात. तिथे पोलीस आधीच पोहोचलेले दिसले तर तेही लक्षात ठेवा, आणि विचारलं तर खरं सांगा.

सापळ्याच्या पंचनाम्यातही कानांचंच काम जास्त असतं. तिथे पंच सहसा दुसऱ्या सरकारी कार्यालयातले कर्मचारी असतात. नोटांना अँथ्रासिनची किंवा फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावलेली असते. नोटा हाताळणाऱ्याची बोटं एकात अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात आणि दुसऱ्यात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवल्यावर पाणी गुलाबी होतं. पण पैसे मिळाले एवढ्याने लाच सिद्ध होत नाही, तिची मागणी सिद्ध व्हावी लागते. ते शब्द ऐकायला तक्रारदाराबरोबर आत जातो तो पंच क्रमांक एक. ऐकू आलं नाही, तर ऐकू आलं नाही असंच त्याने लिहायला लावावं.

तिसरी पायरी : कागद आणि सही

कोऱ्या कागदावर सही नाही. आधीच टाइप करून आणलेल्या मजकुरावर तो न तपासता सही नाही. पोलीस ठाण्यात बसून केलेल्या "घटनास्थळ" पंचनाम्यावर सही नाही. या तीन गोष्टींत कुणाच्याही भिडेला पडू नका, मग तो ओळखीचा हवालदार असो की गल्लीतला नेता.

मजकूर स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. शेवटी "पंचनामा आमच्या समक्ष केला, वाचून पाहिला, बरोबर आहे" अशा अर्थाचं वाक्य असतं. ते खरं असेल तरच खाली सही करायची. वाचताना एक गोष्ट खास तपासा. "आम्ही पाहिले" आणि "जागा दाखवणाऱ्याने सांगितले" हे वेगळं ठेवलंय का? फिर्यादीने जागेवर सांगितलेली भांडणाची गोष्ट तुमच्या नावावर लिहिली जाते, आणि पुढे कोर्टात तो भाग गळतो, कारण ते फिर्यादीने तपासात पोलिसांपुढे केलेलं कथन असतं. पंचनाम्यात तुमच्या डोळ्यांना दिसलं ते हवं.

चूक असेल तर दुरुस्ती करून शेजारी छोटी सही करायला लावा. पानं अनेक असतील तर प्रत्येक पानावर सही करा. रिकामी राहिलेली जागा रेघ मारून बंद करायला सांगा. सहीखाली तारीख आणि वेळ घाला.

मग मुद्देमाल. वस्तू तुमच्यासमोर पाकिटात घालून, लाखेने सील करून, वर पंचांच्या सह्यांचं लेबल लावलं गेलं पाहिजे. रक्ताचे नमुने, अमली पदार्थ किंवा हत्यार असेल तर न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालाचा जीव या सीलमध्ये असतो. "नंतर करतो सील, तुम्ही सही करून ठेवा" असं कुणी म्हणालं, तर थोडं थांबावं लागलं तरी थांबा. सीसीटीव्हीचं चित्रण पेन ड्राइव्हवर घेतलं असेल तर त्याची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये नंतर बदल झाला का हे ओळखता येणारा तिचा खास अंक-अक्षरी ठसा) पंचनाम्यात नोंदवली आहे का ते विचारा. पुढे साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात ती लागते.

यादीची प्रत घरमालकाला किंवा जागा ताब्यात असणाऱ्याला मिळते. पंचाला प्रत देण्याची तरतूद त्या कलमात नाही. म्हणून घरी आल्यावर त्याच रात्री वहीत तारीख, वेळ, जागा, वस्तू आणि अधिकाऱ्याचं नाव लिहून ठेवा. ही वही आठवणीसाठी आहे. ती कोर्टात काढून वाचलीत तर समोरच्या वकिलालाही ती पाहण्याचा हक्क आहे, त्यामुळे तिच्यात खरं तेच असू द्या.

चौथी पायरी : समन्स आल्यावर

झडतीच्या पंचाला कोर्टाने खास समन्स काढल्याशिवाय यावं लागत नाही, पण खटला चालला की ते बहुधा येतंच. टाळू नका. गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. त्या तारखेला खरोखर अडचण असेल तर समन्स आणणाऱ्या पोलिसाला आणि सरकारी वकिलांना आधी कळवा. राहण्याचा पत्ता बदलला असेल तर तोही कळवलेला बरा.

त्या दिवशी थोडं लवकर जा आणि सरकारी वकिलांना भेटा. पंचनामा वाचायला मिळाला तर वाचा. "आज वाचून आलात का?" असं उलटतपासात विचारलं तर "हो" म्हणा, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कुणी काय बोलायचं ते पढवायला लागलं, मग तो कोणत्याही बाजूचा असो, तर "मी पाहिलं तेवढंच सांगेन" एवढं उत्तर पुरे.

सरतपासात, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूच्या पहिल्या चौकशीत, सरकारी वकील क्रमाने विचारतात: कोणी बोलावलं, कुठे गेलात, काय पाहिलंत. मग पंचनामा दाखवतात. सही तुमची आहे का आणि मजकूर बरोबर आहे का, हे विचारल्यावर त्याला निशाणी क्रमांक, म्हणजे कोर्टाच्या नोंदीतला पुराव्याचा क्रमांक, पडतो. मुद्देमाल उघडून दाखवतात तेव्हा घाईने ओळखू नका. आधी लेबलवरची सही पाहा, मग वस्तू पाहा.

उलटतपासाचं नवख्याला भय वाटतं. प्रश्न मात्र बरेचसे ठरलेले असतात. "सही पोलीस ठाण्यात केलीत ना?" "पंचनामा कोणी लिहिला?" "खोलीत दिवा होता का?" "अशा वस्तू बाजारात सर्रास मिळतात ना?" शेवटच्या प्रश्नाला उगाच अडून बसू नका. मिळत असतील तर "मिळतात" म्हणा. खरं कबूल केल्याने साक्ष कमजोर होत नाही, उलट माणूस सरळ आहे हे न्यायाधीशांना दिसतं. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. अंदाजाने आकडा सांगू नका. वकिलाने जे सुचवलं ते खोटं असेल तर "हे म्हणणं खरं नाही" एवढंच म्हणा. रागावून लांब उत्तर देऊ नका. उत्तर न्यायाधीशांकडे पाहून, सावकाश द्या, कारण ते लिहून घेतलं जात असतं.

पाहिलेलं असूनही कोर्टात "मला काही माहीत नाही, सही घेतली फक्त" म्हणणाऱ्याला फितूर जाहीर केलं जातं, आणि सरकारी वकीलच कोर्टाच्या परवानगीने त्याची उलटतपासणी घेतात. न्यायालयात जाणूनबुजून खोटी साक्ष देण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण अनेक पंच मुळात लबाड नसतात, घाबरलेले असतात. गावात आरोपीची माणसं घरी येऊन बसतात, ही खरी गोष्ट आहे. तसं झालं तर गप्प राहू नका. गंभीर गुन्ह्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. तिच्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात समिती असते. संरक्षणासाठी तिच्याकडे अर्ज करता येतो. किमान सरकारी वकिलांना आणि कोर्टाला त्याच दिवशी सांगा.

साक्ष संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. लिहिलेली साक्ष तुम्हाला वाचून दाखवली जाईल. तारखेत, दिशेत, वस्तूच्या वर्णनात काही चुकलं असेल तर तिथेच सांगून नोंदवून घ्या, आणि मग सही करा. नोकरी करत असाल तर त्या दिवशीच्या हजेरीचा दाखला कोर्टाच्या कार्यालयातून मागून घ्या आणि साक्षीभत्त्याचीही चौकशी करा. फार जण तो न विचारताच निघून जातात.